टपालकप्तानाचा कोट

तोंडात टाचण्या असल्या की माणसाला बोलता येत नाही, हा शिवणकामातला सगळ्यात मोठा अन्याय आहे. आणि तो अन्याय त्या दिवशी, भर दुपारी, नेमका नको त्या वेळी झाला.

मावशी दुकानाच्या आतल्या खोलीत जेवायला बसली होती. बाहेर तिची भाची एका लांबलचक पडद्याची किनार दुमडत होती. या भाचीला सगळे टाचणी म्हणायचे. एक तर ती तशीच होती, बारीक, ताठ आणि टोकदार. दुसरं म्हणजे तिच्या ओठांत दिवसभर तीन-चार टाचण्या धरलेल्या असायच्याच. वय वीस, बोटांना सुया टोचल्याच्या खुणा, आणि डोक्यात चोवीस तास कुठली ना कुठली गोष्ट.

दार ढकलून एक तरुण आत आला. काखेत कागदाची सुरळी, अंगठ्याला निळा रंग लागलेला, आणि केस असे, की वाऱ्याशी भांडण करून आलाय की काय!

"इथे कोट शिवून मिळेल का?"

टाचणीने मान हलवली.

"साधा नाही पण. म्हणजे... जरा वेगळा आहे."

टाचणीने भुवया उडवल्या.

"तुम्ही हसणार नाही ना?"

तोंडात चार टाचण्या असताना हसायची कुणाची टाप आहे! तिने पुन्हा मान हलवली, या वेळी आडवी. त्याने सुरळी टेबलावर उलगडली आणि तिच्या दोन्ही टोकांवर मावशीची कात्री आणि इस्त्री ठेवली.

कागदावर एक लांब कोट होता. बटणांच्या दोन रांगा. डाव्या खांद्यावर थैली अडकवायचा पट्टा. उजव्या कोपराला ठिगळ, आणि ते ठिगळ जरा वाकडं लावलेलं.

टाचणीचं तोंड उघडलं. चारही टाचण्या टपटप खाली पडल्या.

"हा टपालकप्तानाचा कोट आहे!"

"तुम्ही वाचलंय?" तो एकदम पुढे झुकला.

"वाचलंय म्हणजे? सहाही पुस्तकं! तिसरं तर इतक्यांदा नेलं, की वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, बाळा, आता हे तुझ्या नावावरच करू का?"

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगायला हवं. ‘तरंगतं टपाल’ ही सहा पुस्तकांची गोष्ट. एक बोट असते, तीच पोस्ट ऑफिस. तिचा कप्तान बेटाबेटांवर पत्रं पोहोचवतो. आणि बोटीवर असते एक नकाशेवाली, जी बदलत्या किनाऱ्यांचे नकाशे काढते. दोघं सहा पुस्तकं एकत्र प्रवास करतात. वादळं काय, चाचे काय, सगळं होतं... पण मनातलं मात्र कुणी बोलत नाही. सहाव्याच्या शेवटच्या पानावर कप्तान तिला धक्क्यावर सोडून निघून जातो. शेवटची दोन वाक्यं अशी: ‘कप्तानाच्या चेहऱ्यावर पाणी होतं. त्याने कोटाचं वरचं बटण लावलं आणि तो वळला.’

संपलं! लेखिकेने नंतर जाहीर करून टाकलं, की सातवं पुस्तक येणार नाही, पुढचं वाचकांनीच ठरवावं.

आता ते पाणी कसलं? डोळ्यांतलं, की समुद्राच्या लाटेचं? या एका प्रश्नावर वाचकांचे दोन गट पडले. जे म्हणायचे की कप्तान रडत होता, त्याचं तिच्यावर प्रेम होतं, ते ‘ओले’. जे म्हणायचे की नुसते लाटेचे तुषार होते, प्रेमबिम काही नव्हतं, ते ‘कोरडे’. वाचनालयाच्या सभागृहात पुढच्या महिन्यात मेळावा होता, आणि दोन्ही गट आपापलं सातवं पुस्तक सादर करणार होते.

"मेळाव्यासाठी हवाय," तो म्हणाला. "मी कप्तान करतोय."

"कुठल्या गटाचा?" टाचणीने विचारलं. मनातल्या मनात तिने हात जोडले होते.

"कोरड्या."

"अरेरे..." ती इतक्या कळवळून म्हणाली, की जणू तो आजारातून उठून आला होता. "दिसता तर बरे."

तो हसला. हसताना त्याचा एकच गाल हसायचा, दुसरा त्याच्याकडे बघत राहायचा. टाचणीच्या लक्षात आलं ते. तिच्या लक्षात सगळंच यायचं, तोच तर घोळ होता.

"कापड करडं घ्यायचंय," तो म्हणाला.

"करडं? कोट हिरवा आहे!"

"पुस्तकात रंग कुठेच लिहिलेला नाही."

"लिहायला कशाला हवा? दुसऱ्या पुस्तकात तो शेवाळलेल्या पायऱ्यांवर बसलेला असतो आणि नकाशेवालीला दिसतच नाही. करड्या कोटातला माणूस शेवाळावर दिसणार नाही का?"

"संध्याकाळ होती तेव्हा. संध्याकाळी सगळंच करडं दिसतं. मी पाट्या रंगवतो, रंगांचं मला सांगू नका."

"आणि मी कपडे शिवते, कोटाचं मला सांगू नका! सहा पुस्तकांत कोटाबद्दल चार वाक्यं आहेत, चारही पाठ आहेत मला."

"पाच."

"चार!"

"पाच. मांजर कोटाच्या टोकावर झोपतं ते?"

"ते मांजराबद्दलचं वाक्य आहे!"

शेवटी ती फळीवर चढली आणि कापडाचा एक तागा खाली काढला. सावलीत करडा, आणि उजेडात नेला की हळूच हिरवा. भिजलेल्या झाडाच्या सालीसारखा. दोघं दाराशी उभे राहून ते कापड उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिले.

"हं," तो म्हणाला.

"हं," तीही म्हणाली. तह झाला.

मग माप. गळा, खांदा, बाही, मुंढा. छातीचं माप घेताना टाचणीने टेप त्याच्यामागून फिरवून पुढे आणला, आणि बघते तो काय, माणूस दगडासारखा उभा!

"श्वास सोडा. कप्तान श्वास घेतो."

"कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

टेपवरचा आकडा ती दोनदा विसरली. तिसऱ्यांदा लिहून घेतला.

तो गेल्यावर मावशी हात पुसत बाहेर आली. "कोण गं?"

"रंगारी आहे. पाट्या रंगवतो. कोरडा आहे, मावशी..."

"बरं झालं. लादी पुसावी लागणार नाही."

पहिल्या ट्रायलला कोट नुसत्या कच्च्या धाग्यावर होता. बाह्या लावलेल्या नव्हत्या. रंगारी आरशासमोर उभा राहिला आणि टाचणी त्याच्याभोवती खडू घेऊन फिरत होती. पण आज तो गप्प गप्प होता. काही विचारलं की "हं", "हो", "ठीक". मधेच त्याने डावा हात गालावर ठेवला आणि तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर बारीक भुरभुर चालली होती. समोरच्या छपरावर दोन पारवे अंग फुगवून बसले होते. त्याच्या नजरेत इतकी वेदना होती, इतकी... की टाचणीच्या हातातला खडू तिथेच थांबला.

ही नजर तिला माहीत होती. चौथ्या पुस्तकात, कठड्याला टेकून, कप्तान असाच बघतो!

तो गेल्यावर तिने मावशीला सगळं सांगितलं. हात कसा होता, मान किती कलली होती, उसासा कसा टाकला. "त्याला काहीतरी बोलायचंय, मावशी. पण शब्द सापडत नाहीयेत."

मावशी काजं करत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "दाढ दुखत असेल."

"मावशी! तुला ना, काही म्हणजे काही कळत नाही."

तिसऱ्या ट्रायलला रंगारी आला तो गालाला रुमाल बांधून. एक बाजू अशी सुजलेली, जणू तोंडात चेंडू ठेवलाय.

"दाढ काढली," तो कसाबसा म्हणाला. "आठवडाभर जीव घेतला हो तिने."

मशीनमागे मावशी जोरात खोकली. तो खोकला नव्हता, हे टाचणीला चांगलं ठाऊक होतं. ती कानापर्यंत लाल झाली. पण हार मानेल ती टाचणी कसली! दाढ असो नाहीतर काही असो, तो आरशातून तिच्याकडे बघत होता, ते काय दाढेमुळे? आणि परवा बाही अर्धं बोट लांब करून मागितली, आज पुन्हा अर्धं बोट आखूड करून मागतोय, ते काय हिरडीमुळे?

"एका कोटाला किती ट्रायल असतात गं?" मावशीने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नीट बसायला हवा ना," रंगारी आणि टाचणी एकदम म्हणाले. मावशीने ओठ घट्ट मिटले आणि मशीन सुरू केलं.

त्याच दिवशी ते अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आले. कसे, ते दोघांनाही कळलं नाही. ती म्हणाली, "हात वर करा... अजून... अरे वर म्हणजे वर!" आणि तो म्हणाला, "दुखतंय गं." मग दोघंही थबकले. तेवढंच. त्यानंतर परत ‘तुम्ही’ कुणालाच जमेना.

रुमालाआडून बोलत बोलत त्याने सांगितलं, की लहानपणी तो आजारी असायचा, तेव्हा ‘तरंगतं टपाल’चं पहिलं पुस्तक हाती लागलं. त्यात चित्रं नव्हती, म्हणून त्याने स्वतःच काढली. बोट काढली, मग लाटा, मग दिवे. "मी रंग हातात धरला तो त्या बोटीमुळे," तो म्हणाला. "नाहीतर मी आज काय करत असतो कोण जाणे."

"मी लिहिते," टाचणी पटकन बोलून गेली. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मावशीलाही नाही. "सातवं पुस्तक. माझं माझं. एक वही आहे."

"वाचून दाखवशील?"

"वेडा आहेस का!"

"बरं." तो कोट उतरवत म्हणाला. मग, बटणाशी खेळत, "मेळावा रविवारी. सोमवारी मी जातोय."

"कुठे?"

"नाटकाचे पडदे रंगवायचं काम मिळालंय. मोठं नाट्यगृह आहे. लांब. दोन वर्षं तरी."

इस्त्रीतून वाफ निघत राहिली. टाचणीने ती बाजूला करायला हवी होती, पण तिला सुचलंच नाही. "छान," ती म्हणाली. "अगदी छान झालं." आणि मनात आलं... धक्का. बोट. पाठमोरा माणूस. सहावं पुस्तक माझ्याच वाट्याला यायचं होतं का?

पण थांबा! ओल्या गटातली मुलगी अशी हातपाय गाळत नाही. तिने डोकं चालवलं. कप्तान बोलत नाही, पण प्रेम करतो, हे तिने सहा पुस्तकांतून शोधून काढलं होतं की नाही? मग तेच इथेही. पुरावे गोळा करायचे. त्याचं एकगाली हसणं, एक. बाहीचं प्रकरण, दोन. जाताना तो दारात वळून बघतो, तीन. वाट बघायची. शेवटच्या पानाआधी तो बोलेलच.

आणि त्या वाट बघण्याच्या भरात तिच्या हातून एक आगळीक झाली.

तिचं फार जुनं मत होतं, की कप्तानाच्या कोटाला आतून, डाव्या बाजूला, एक खिसा आहे. पुस्तकात नाही लिहिलेला. पण थंडी वाजली तर माणूस कॉलर वर करतो. वरचं बटण माणूस लावतो ते आतल्या खिशात काही जपून ठेवलेलं असलं तर! दुकानात आजवर शंभर माणसं कोट घालून बघताना तिने पाहिली होती, हे तिला पुस्तकवाल्या कुठल्याही विद्वानापेक्षा जास्त कळत होतं. कप्तानाच्या खिशात नकाशेवालीला लिहिलेलं, कधीच न दिलेलं पत्र होतं. पुस्तकभर दुसऱ्यांची पत्रं पोहोचवणारा माणूस, आणि स्वतःचं पत्र खिशात!

म्हणून तिने अस्तर लावताना आतून गुपचूप एक खिसा शिवला. बारीक टाक्यांचा, अगदी जीव ओतून. कुणाला न विचारता.

शुक्रवारी शेवटची ट्रायल होती. मावशी बाजारात गेली होती. रंगाऱ्याने कोट घातला आणि आरशात पाहिलं. कोट त्याच्या अंगावर असा बसला होता, जणू बोटीवरूनच उतरून आलाय. त्याने हात छातीवरून खाली फिरवला. थांबला. कोट उघडून आत पाहिलं.

"हा काय?"

"खिसा." टाचणीने श्वास रोखला. "पत्रासाठी."

"कुठलं पत्र?"

तिने सांगितलं. एका दमात, हातवारे करून, बटण, कॉलर, थंडी, सगळं. त्याने ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "फार सुंदर आहे हे. खरंच. पण हा तुझा कप्तान झाला. मी माझा मागितला होता."

"अरे पण..."

"माझ्या कप्तानाकडे पत्र नाही. तो प्रेम करत नाही तिच्यावर. त्याला ते कळतं, आणि उगाच आशा लावायला नको म्हणून तो निघून जातो. त्यालाही वाईट वाटतं. पण खोटं वागत नाही. मला तोच आवडतो. आणि रविवारी हा खिसा छातीला लागला असता ना, तर मला पाऊल उचलवलं नसतं."

टाचणीने खाली बघितलं. राग आला असता तर सोपं होतं, पण त्याचं बरोबर होतं, हेच तर वाईट होतं. तिने कात्री घेतली आणि खिसा उसवायला बसली. एकेक टाका. तो समोरच्या स्टुलावर बसून राहिला, गेला नाही.

"वही आहे का इथे?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"कशाला?"

"तुझा कप्तान ऐकायचाय. माझ्या कोटात नको, पण ऐकायचाय."

तिने उसवता उसवता वर पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. मग तिने मापांच्या वह्यांखालून आपली वही काढली आणि वाचायला लागली. आधी पुटपुटत, मग नीट, मग तर उभी राहून! कप्तान बोट वळवतो, परत येतो, पत्र काढतो. पत्र दोन पानांचं होतं. संपलं तेव्हा तिचे गाल तापले होते.

त्याने वही हातात घेतली आणि शेवटची पानं पुन्हा वाचायला लागला.

"बोल की! वाईट आहे का?"

"नाही. पत्र तर इतकं आवडलं, की पुन्हा वाचलं." त्याने अंगठ्यावरचा रंग खरवडला. "एक विचारू? कप्तान येतो, कप्तान बोलतो, कप्तान पत्र देतो. नकाशेवाली काय करते?"

"ती... वाट बघते."

"सहा पुस्तकं तेच केलं तिने. आपण सगळे, ओले काय नि कोरडे काय, पाच वर्षं भांडतोय की कप्तानाच्या मनात काय होतं. तिच्या मनात काय होतं, ते कुणी विचारलंय? तिला तोंड नाही का? समुद्राचे नकाशे काढते ती, आणि एक वाक्य बोलायला घाबरते?"

टाचणीने वही ओढून घेतली आणि भराभर चाळली. नकाशेवालीच्या तोंडी एकही वाक्य नव्हतं. आणि हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. टाचणीच्या!

त्या संध्याकाळी ती दोन तास वही पुढे घेऊन बसली. मग दोन पानांचं पत्र तिने सरळ फाडून टाकलं, आणि जीभ दातांत धरून लिहायला लागली. शनिवारी तिने ओल्यांच्या यादीत वाचनासाठी स्वतःचं नाव घातलं.

रविवारी सभागृह खच्चून भरलं होतं. कोणी नकाशे रंगवून आणले होते, कोणी कागदाच्या बोटी, एका आजोबांनी तर पोत्यात भरून पत्रं आणली होती, बेटांवरच्या माणसांना त्यांनी स्वतः लिहिलेली. टाचणी पडद्याच्या बाजूला सुई-दोरा घेऊन उभी होती, कोटाचं काही उसवलं तर म्हणून. मावशी पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन.

कोरड्यांचा प्रवेश आधी होता. रंगारी धक्क्यावर उभा राहिला. समोर नकाशेवाली झालेल्या वाचनालयातल्या बाई. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात माया होती, आदर होता, सगळं होतं... पण ते नव्हतं. ते एक नव्हतं. आणि ते नाही याचं त्यालाच किती वाईट वाटतंय, हे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचलं. मग तो वळला आणि चालत गेला. सावलीत कोट करडा दिसत होता.

टाचणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, की कोरडे म्हणजे दगड. त्यांची गोष्टही अशी काळजाला हात घालणारी असेल, हे तिच्या गावीही नव्हतं. टाळ्या पडल्या, त्यात तिच्याही होत्या.

आणि टाळ्या वाजवता वाजवता तिचे हात थांबले. याने किती खरं केलं हे! इतकं खरं कुणाला करता येतं? ज्याला तसंच वाटत असेल त्याला. म्हणजे... माझ्याशी तो छान वागला, वही ऐकली, हसला. आणि उद्या असाच वळणार. आशा लावायला नको म्हणून.

तेवढ्यात नाव पुकारलं गेलं. ओल्यांतर्फे वाचन, टाचणी!

ती डोळे पुसून मंचावर गेली. वही उघडली. तिच्या नव्या सातव्या पुस्तकात कप्तान वळतो, आणि नकाशेवाली ओरडते, "थांब!" सात पुस्तकांत पहिल्यांदा तिचा आवाज चढतो. ती म्हणते, "माझं तुझ्यावर प्रेम आहे. तुझं नसेल तरी हे मला सांगायचं आहे, कारण हे माझं आहे." कप्तान काय उत्तर देतो, ते टाचणीने लिहिलंच नव्हतं. गोष्ट तिच्या वाक्यावर संपत होती.

सभागृहाच्या कोपऱ्यातून एक जण ओरडला, "अरे, हे कसं सुचलं नाही कुणाला!" आणि ओले-कोरडे सगळे एकमेकांत जे काही वाद घालायला लागले, की संयोजकांना घंटा वाजवावी लागली.

टाचणी मात्र तिथे थांबली नाही. सभागृहामागे खुर्च्या ठेवायची एक खोली होती, एकावर एक रचलेल्या खुर्च्यांच्या उंच उंच चळती. तिथे रंगारी कोटाची घडी घालत होता. खिडकीतून उतरतं ऊन येत होतं.

"तुझा ‘थांब’ ऐकला मी," तो म्हणाला. "अंगावर काटा आला."

"मला तुझ्याशी बोलायचंय."

"बोल की."

आणि सगळी वाक्यं भुर्रकन उडाली. वहीत नकाशेवालीने केवढं झोकात म्हटलं होतं! इथे एक शब्द जागेवर नाही.

"म्हणजे... तू जाऊ नकोस असं मी म्हणत नाहीये. जा. पडदे रंगव. चांगले रंगव. पण मला तू आवडतोस. खूप. कप्तान नाही, तू. मी उगाच तुझ्यात कप्तान शोधत बसले, तुझी दाढ दुखत होती आणि मला वाटलं विरह! तर ते सोड. तुला तसं वाटत नसेल तर सरळ सांग. मी रडेन बहुतेक, पण मला आता अंदाज लावायचा नाहीये. पाच वर्षं अंदाज लावलेत मी. दमले."

तो हातातला कोट तसाच धरून उभा होता.

"हे वहीतलं आहे?"

"नाही. वहीतलं बरं होतं."

"नाही गं," तो हळूच म्हणाला. "हे बरं आहे."

मग खाली बघत, कोटाची बाही उगाच सरळ करत म्हणाला, "मला वाटायचं, तुझं प्रेम त्याच्यावर आहे. मी म्हणजे नुसता हँगर. तू माझ्याकडे बघायचीस आणि वाटायचं, ही माझ्या पाठीमागे कुणाला तरी बघतेय. दर वेळी ठरवून यायचो, की आज बोलायचं. आणि मग भीती वाटायची. तुला प्रत्येक वाक्याचे चार अर्थ दिसतात. मी एक बोलेन आणि तू त्यातून भलतंच काढशील."

"मग एकच अर्थ असलेलं वाक्य बोल."

त्याने विचार केला. अगदी मनापासून, पाटीवर अक्षरं बसवताना करत असेल तसा.

"तू मला आवडतेस," तो म्हणाला.

टाचणीने ते वाक्य सगळ्या बाजूंनी तपासलं. उलटं केलं, उजेडात धरलं, शिवण कुठे ढिली आहे का ते पाहिलं. दुसरा अर्थ निघत नव्हता.

"पक्कं?"

"पक्कं."

मग कोण कुणाकडे आधी सरकलं, कुणास ठाऊक. हातात हात मात्र होता, आणि तो बराच वेळ होता. बाहेर सभागृहात कोणीतरी लाटांबद्दल तावातावाने बोलत होतं.

"उद्या गाडी किती वाजता?" तिने विचारलं.

"सकाळी सहा चाळीस."

"मी येते स्टेशनवर."

"निरोप द्यायला?"

"छे! भांडायला. पाचव्या पुस्तकावरून आपण अजून एकदाही भांडलेलो नाही. लक्षात आलंय का तुझ्या?"

"पाचव्यात भांडण्यासारखं काय आहे? सरळ तर आहे. दीपगृहवाला खोटं बोलत असतो."

"दीपगृहवाला? खोटं?" टाचणीने कमरेवर हात ठेवले. "दोन वर्षं पुरायची नाहीत तुला हे समजवायला!"

"पत्राने समजव. रोज एक."

"रोज दोन!"

तो हसला, आणि त्याने चळतीवरून दोन खुर्च्या खाली काढल्या. एक तिच्यासाठी, एक स्वतःसाठी, अगदी जवळजवळ.

"उद्यापर्यंत तरी कशाला थांबायचं?" तो म्हणाला. "बस. कर सुरुवात."

टाचणी बसली, आणि तिने सुरुवात केली.